मदत हवी आहे: ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधातील युक्तिवादाचे विश्लेषण कसे करावे?

सप्रेम नमस्कार.

मी नोकरी सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मराठीत एम. ए. करीत आहे. वैचारिक गद्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध निवडला आणि लेखिका वाचकाचे मन कसे वळवते, या प्रश्नावर बारा पाने लिहून दिली. ती परत आली तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात बाईंनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘हा सारांश झाला. विश्लेषण कुठे आहे?’ शेरा रास्त आहे. ताराबाई काय म्हणतात ते मी सांगितले; ते म्हणणे त्या वाचकाच्या गळी कसे उतरवतात, हे सांगायचे राहूनच गेले. दुसरा खर्डा लिहिण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निबंध ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, जी पुढे सौम्य करण्यात आली. त्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी हा निबंध लिहिला आणि १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला.

माझी पहिली अडचण निबंधाच्या कण्याशीच निगडित आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकात आढळणारा ‘आवर्तः संशयानाम्’ हा श्लोक स्त्रीला संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, साहसाचे नगर, शेकडो कपटांनी भरलेली अशी एकेक दूषणे देतो. ताराबाई ही दूषणे आरोपपत्रातील कलमांसारखी क्रमाने हाती घेतात आणि प्रत्येक ठिकाणी विचारतात की, हा दोष पुरुषांत नाही काय? निबंधाच्या पूर्ण शीर्षकातील ‘साहसी कोण’ हा प्रश्नही याच श्लोकातील ‘साहसा’ची आठवण करून देतो. समोरच्याने लावलेला दोष त्याच्याच पदरात टाकण्याच्या या रीतीला आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्रात, प्रतिबंदी म्हणतात, आणि तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की, प्रतिपक्षी दोषी ठरला म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. मी वहीत दोन रकाने आखून डावीकडे श्लोकातील दूषण आणि उजवीकडे ताराबाईंचे उत्तर अशी मांडणी केली, तेव्हा लक्षात आले की स्त्रीचे निर्दोषत्व सिद्ध करणे हा त्यांचा हेतूच दिसत नाही. दोष हे स्त्रीच्या जातीला चिकटलेले असतात, हे त्या श्लोकाचे गृहीतक आहे. तेच दोष पुरुषांत, आणि अधिक प्रमाणात, दाखवून दिले की ते गृहीतक कोसळते, मग स्त्री निर्दोष असो वा नसो. मला हे वाचन पटते. पण त्यास वाद म्हणावे की जल्प, म्हणजे सत्य ठरवण्यासाठी केलेली चर्चा की जिंकण्यासाठी केलेली, याचा निर्णय मला करता येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. प्रस्तावनेत ताराबाई स्वतःस मराठमोळ्या चालीच्या घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची अबला म्हणवून घेतात, आणि काही पाने उलटताच त्या पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून जाब विचारू लागतात. नवरा गेल्यावर बाईने तोंड लपवून आयुष्य काढायचे, तर बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही, असा त्यांचा सवाल आहे. येथे तर्क अगदी साधा आहे: नियम एक, तर तो दोघांनाही लागू. परंतु भादरलेल्या मिशांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, आणि विधवेचे केशवपन ज्यांना रोजच्या पाहण्यातले वाटते त्यांना ते एकदम वेगळे दिसू लागते. प्रस्तावनेतील नम्रता ही तत्कालीन रूढी मानून बाजूला ठेवावी, की पुढचा प्रहार अधिक जोरकस व्हावा म्हणून मुद्दाम घेतलेली भूमिका मानावी? माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र त्या काळच्या लेखकांच्या प्रस्तावनांतही असाच विनय आढळत असेल, तर माझे म्हणणे लंगडे पडेल. कोणी तसा तौलनिक अभ्यास केला असल्यास कृपया सांगावे.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते. ताराबाई पातिव्रत्याचा आदर्श सर्वस्वी नाकारीत नाहीत. सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणण्यासाठी यमाच्या दारी गेली, पण बायकोसाठी एखादा पुरुष त्या वाटेवर पाऊलभर तरी चालला काय, असे त्या विचारतात. हा प्रश्न टोचतो, कारण सावित्रीचा मोठेपणा वाचकाला आधीच मान्य असतो. विरोधकाच्याच श्रद्धेचा आधार घेऊन त्याला अडचणीत आणणे, ही युक्ती म्हणून मी तिची नोंद केली. परंतु ताराबाईंची स्वतःचीही त्या आदर्शावर श्रद्धा असेल, तर तिला युक्ती म्हणणे हा लेखिकेवर अन्याय होईल. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, पण पुराणकथांकडे पाहण्याची फुल्यांची दृष्टी अधिक निर्दय आहे, म्हणून त्यांच्या चष्म्यातून ताराबाईंना वाचण्याचे मी टाळते आहे.

भूमिका, भावना आणि तर्क हे ॲरिस्टॉटलचे तीन कप्पे घेऊन वाक्ये त्यांत भरावीत, असे एका सहाध्यायिनीने सुचवले. तसे करून पाहिले, पण मिशांचे ते वाक्य तिन्ही कप्प्यांत बसते आणि तरीही त्याचा जोर कशात आहे ते कळत नाही.

तेव्हा सावित्रीच्या त्या उताऱ्याकडे युक्ती म्हणून पाहावे की श्रद्धा म्हणून, आणि निबंधातच असा दुसरा एखादा उतारा आहे का की ज्यावरून याचा निकाल लागेल, एवढे जरी कोणी सांगितले तरी माझे काम पुढे सरकेल. मालशे यांची संपादित प्रत माझ्यापाशी आहे. परिच्छेदाचे आरंभीचे दोन शब्द कळवलेत तरी मी तो शोधून काढीन.