मुसिन यांचा वर्ग

गेर्गिएव, तेमिरकानोव, बिचकोव हे ऑर्केस्ट्राचे नामवंत कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक). ही सगळी मंडळी लेनिनग्राडलाच, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गलाच, कशी घडली, असा प्रश्न पडतो. उत्तर एका माणसात सापडतं : त्यांचे शिक्षक इल्या मुसिन. 1932 पासून 1999 मध्ये जाईपर्यंत ते शिकवतच होते, बराचसा काळ लेनिनग्राड कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयात.

वर्गात ऑर्केस्ट्रा नसायचा. दोन पियानोंवर वादक सिंफनी वाजवत आणि समोर उभा विद्यार्थी ती हातांनी चालवत असे. ताल नुसता मोजून दाखवणं मुसिनना पुरेसं वाटत नसे. स्वर कुठे धरायचा, कुठे अलगद सोडायचा, हे वादकांना हातातच दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. बोलून समजावणं शेवटी. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शंभर माणसं वाजवत असताना बोलणार कसं?

स्वतः मुसिन यांची कारकीर्द मात्र अर्धवटच राहिली, याची खंत वाटते. 1937 ते 41 मिन्स्कचा ऑर्केस्ट्रा त्यांच्याकडे होता, मग युद्ध आलं. ताश्कंदला स्थलांतरित असताना 22 जून 1942 ला, सोव्हिएत संघावरच्या जर्मन हल्ल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, त्यांनी संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी सादर केली. लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायला मात्र नव्वदी उलटावी लागली.