मदत हवी आहे: रडारचे चित्र नकाशावर जुळत नाही
नमस्कार. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील आमच्या लाकडी मासेमारी नौकेवर रडार आणि चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारे यंत्र) यांची चित्रे एकाच पडद्यावर दिसतात. नाळ (नौकेचे पुढचे टोक) उत्तरेकडे असताना रत्नदुर्ग किल्ल्याचा कडा नकाशातल्या किनाऱ्यावर नेमका बसतो, परंतु नौका पश्चिमेला वळली की तोच कडा सात-आठ अंशांनी सरकतो, म्हणजे दोन सागरी मैलांवर जवळपास अर्ध्या किलोमीटरची चूक होते. तंत्रज्ञाने रडारच्या मेनूमध्ये हेडिंगची (नाळेच्या दिशेची) दुरुस्ती भरून दिली. त्यामुळे पश्चिमेचे जुळले आणि उत्तरेचे बिघडले.

अँटेना तिरकी बसली असती, तर चूक सर्व दिशांना सारखीच आली असती, असे मला वाटते. आपल्या किनाऱ्यावर होकायंत्राचा चुंबकीय फरकही (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतील कोन) फारच थोडा आहे. म्हणून माझा संशय, रडारचे चित्र नकाशावर बसवण्यासाठी नौकेची दिशा पुरवणाऱ्या होकायंत्राच्या सेन्सरवर आहे, कारण त्याच्यापासून हातभर अंतरावर वायरलेसचा नवा स्पीकर बसवलेला आहे, आणि स्पीकर म्हटला की लोहचुंबक आलाच.

स्पीकर हलवून, शांत पाण्यात नौका संथपणे गोल फिरवून सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करावा, की आधी दुरुस्ती शून्यावर आणून समोरच्या एखाद्या बोयावर (तरंगत्या खुणेवर) अँटेनाची रेषा तपासावी? जाळे ओढण्याच्या लोखंडी विंचपासून सेन्सर किती दूर ठेवावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.