स्कॉटलंडमध्ये कॅरव्हान घेऊन फिरायचंय : तळ कुठे टाकावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटी गाडीमागे कॅरव्हान (चाकांवरचं छोटं घर) जोडून स्कॉटलंडच्या उत्तरेला जायचं ठरतंय. सोबत आई-बाबा आणि पक्षीवेडी लेक. किल्ले-म्युझियम जमले तर जमले, प्राणी-पक्षी निवांत बघायचे आहेत.

रोज कॅरव्हान हलवायची नाही, हे मी पक्कं केलंय. ती मागे असली की साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैलांची मर्यादा. मुक्कामाला पोचल्यावर लेव्हल करा, वीज जोडा, पाणी भरा यात दुपार जाते. ॲपलक्रॉसच्या घाटाच्या तोंडाशी तर कॅरव्हान नेऊ नका अशी पाटीच आहे. म्हणून दोन ठिकाणी तळ टाकून तिथून नुसत्या गाडीने फिरायचं.

पहिला तळ एव्हिमोर गावाजवळ, लॉख मॉर्लिकच्या काठी (लॉख म्हणजे तिकडचं तळं). पाइनच्या जंगलात लाल खारी, आणि लॉख गार्टन जवळच. ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसे झालेले ऑस्प्रे (मासे पकडणारे शिकारी पक्षी) १९५४ मध्ये तिथेच परतले. जूनअखेर घरट्यात पिल्लं असतात, लेकीला ती दाखवायचीच आहेत.

अडचण मिजची. हे चिलटांहून बारीक, चावरे किडे पहाटे, संध्याकाळी आणि वारा पडला की झुंडीने येतात, म्हणजे नेमक्या आमच्या बाहेर बसायच्या वेळी. वारा असला की त्यांना उडता येत नाही. मग झाडांच्या आडोशाची जागा घ्यावी की पाण्याकडेची, उघड्यावरची? आईला किडा चावला की हात टम्म सुजतो, त्यामुळे हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

दुसरा तळ रोझमार्कीच्या किनाऱ्यावर. तिथल्या चॅनॉनरी पॉइंटला, म्हणजे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला, भरती चढू लागली की सामन माशांमागे डॉल्फिन अगदी काठाजवळ येतात. टोकावर पार्किंग मोजकंच आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात. गावातून टोकापर्यंतची वाट त्यांना झेपेल का? वाटेत बसायला बाकं आहेत का?

पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी मात्र डंकन्सबी हेडच्या कड्यांवर, अगदी उत्तरेच्या टोकाला. जुलै संपता संपता ते समुद्रात निघून जातात, तेव्हा आत्ताच बघायला हवेत. रोझमार्कीहून एका दिवसात जाऊन येणं आई-बाबांना जड जाईल असं वाटतं. तिसरा मुक्काम जॉन ओ'ग्रोट्सजवळ करावा का? तिकडे जाणाऱ्या ए९ या मुख्य रस्त्यावरचं बेरीडेल गावाजवळचं अवघड वळण २०२० मध्ये काढलं, पण चढ-उतार आहेतच. तिथून कॅरव्हान ओढत कुणी गेलंय का? क्लच, ब्रेक तापले का?

'रात्री रस्त्याकडेला लावा, तिकडे चालतं' असा सल्ला एकाने दिला. तो कृपया नको. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने मिळालेला मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्क वाहनांना लागू नाही. शिवाय किनाऱ्यालगतच्या गवतात पक्ष्यांची घरटी असतात.

बुकिंग या आठवड्यात करायचंय. निदान मिज आणि बेरीडेलबद्दल अनुभव असेल तर जरूर लिहा.