मदत हवी आहे: पाणथळ काठावरचा मिथेन, पाणपातळी आणि तापमान यांचा प्रभाव वेगळा कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत असून, २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेल्या सिरपूर तलावाच्या उथळ काठावरून किती मिथेन बाहेर पडतो हे बंद चेंबर (बाहेर पडणारा वायू साठवणारी पेटी) ठेवून मोजत आहे. या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतांशी फिनलंड, स्वीडन, कॅनडा येथील पीटभूमींवरचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या पाणथळ जागांवरचे) असते आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

तिथले गणित ढोबळमानाने असे आहे: पाण्याखालच्या प्राणवायूविरहित थरात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, पातळी खाली गेली की वरच्या हवेशीर थरातले मिथेनभक्षी जीवाणू त्यातला बराचसा वाटेतच संपवतात, आणि तापमान वाढले की निर्मिती वाढते. माळव्यात मात्र मे महिन्यात ऊन कळसाला पोहोचते तेव्हा काठ उघडा पडलेला असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढते तेव्हा पारा उतरलेला असतो. दोन्ही घटक असे उलट दिशांनी सरकत असताना नुसत्या सहसंबंधावरून कोणाचा वाटा किती हे ठरवणे मला पटत नाही.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडून हवा खोलवर शिरते, मातीतल्या लोहाचे पुन्हा ऑक्सिडीकरण होते, आणि पावसानंतर सूक्ष्मजीव आधी त्या लोहावर गुजराण करतात. मिथेनची पाळी त्यानंतर येते. केवळ पावसाच्या पाण्यावर पोसलेल्या पीटभूमीत खनिजे फारच थोडी असतात, त्यामुळे तिकडची समीकरणे इथे जशीच्या तशी लावावीत असे वाटत नाही.

पाणकणीस या काठावरच्या पाणवनस्पतीचा प्रश्न निराळा. त्याच्या पोकळ ऊतींतून वायू मिथेनभक्षी जीवाणूंना चुकवून थेट वर येतो, शिवाय दिवसा हा प्रवाह जास्त असतो. काठावर नुसता पाय टाकला तरी चिखलातून बुडबुडे उसळतात, म्हणून मी फळीवर उभे राहून नमुने घेतो. तरीही एखाद्या चेंबरमधील वाचन मधेच उडी मारते.

जाणकारांना विचारायचे आहे की, काठावरची माती कुंड्यांत भरून पाणपातळी स्थिर ठेवायची आणि फक्त तापमान बदलायचे, हा मार्ग योग्य ठरेल का, की उकरताना मातीची रचनाच बिघडेल? उडी मारणारी वाचने वगळावीत, की बुडबुड्यांचे उत्सर्जन म्हणून स्वतंत्र नोंदवावीत? आणि पाणकणसासह चेंबर ठेवायचे झाल्यास रात्रीचेही नमुने घेणे आवश्यक आहे का?