डास तुम्हालाच का चावतात? अनुभव सांगा

पारिजातक
काल संध्याकाळी गच्चीत बसलो होतो, मी, नवरा आणि लेक. दहा मिनिटांत लेकीच्या पोटऱ्यांवर सात गांधी, नवऱ्याला एकही नाही. ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, मलाच का गं?" आणि मला पुण्यातला, नारायण पेठेतला वाडा आठवला. माजघरात आम्ही पाच चुलत भावंडं ओळीने झोपायचो. सकाळी आजी एकेकाचे हातपाय उजेडात धरून बघायची. माझे हात लालेलाल, शेजारी झोपलेल्या ताईचं अंग स्वच्छ. गांधींवर चुना लावत आजी म्हणायची, "तुझं रक्त गोड आहे बाई." आठवीत मी दोन महिने साखर सोडली होती त्यापायी. काही फरक पडला नाही. तुमच्या घरात कोण आहे असं? लिहा ना.

मुठाकाठ
अगदी अगदी! झेड ब्रिजवर मित्रांबरोबर बसायचो कॉलेजात. ते निवांत, मी सारखा पाय आपटतोय. शेवटी मीच म्हणायचो, चला रे, चहाला जाऊ.

भातुकली
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आमचे अहो म्हणतात, मला डास चावतच नाहीत. एकदा मी त्यांच्या दंडावर बसलेला डास बघितला, पोट फुगून लाल मण्यासारखं होईपर्यंत बसला होता. उडाला तरी ह्यांना पत्ता नाही! नंतर गांधसुद्धा उठली नाही. म्हणजे चावतात, कळत नाही एवढंच.

प्रयोगवही
भातुकली, फार मोलाचं निरीक्षण आहे हे. खाज आणि गांध येते ती डासाच्या लाळेवर आपलं शरीर जे उत्तर देतं त्यामुळे. कुणाचं शरीर जोरात देतं, कुणाचं जेमतेम. लहान मुलांना टम्म सूज येते ती त्यामुळेच.

आणि पारिजातक, साखरेचा संबंध नाही. रक्त पितात त्या माद्या, अंड्यांसाठी प्रथिनं हवी असतात म्हणून. लांबून त्यांना आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि कातडीचा वास. ह्या वासावर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लेस्ली वॉसहॉल यांच्या प्रयोगशाळेत काम झालंय, २०२२ साली प्रसिद्ध झालं. ६४ जणांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला दिले आणि मग दोघादोघांच्या मोज्यांचे तुकडे एडिस डासांपुढे (डेंग्यू पसरवतात ते) ठेवले. एका माणसाचा तुकडा डासांना इतका आवडला, की सगळ्यांत नावडत्यापेक्षा शंभरेक पट जास्त. अशा लोकांच्या त्वचेवर कार्बोक्सिलिक आम्लं, म्हणजे कातडीच्या तेलकटपणातले वासाचे घटक, जास्त निघाली. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तरी तेच. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, मुलांना हा प्रयोग सांगितला की वर्ग अगदी शांत होतो.

पारिजातक
म्हणजे हे माझ्याकडून लेकीकडे गेलं असेल का? जीव तुटतो हो.

प्रयोगवही
थोडंफार असू शकेल. लंडनमध्ये जुळ्यांवर अभ्यास झाला होता, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांकडे डास साधारण सारखेच वळले, साध्या जुळ्यांमध्ये तेवढं साम्य नव्हतं. पण ह्यात तुमची काय चूक?

चौथा मजला
आम्ही एरंडवण्यात राहतो. जून २०२४ मध्ये झिकाचे रुग्ण आमच्याच भागात सापडले तेव्हा बायकोला चौथा महिना होता. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणी डास जास्त येतात, श्वास वाढलेला असतो, पोट जास्त गरम असतं. नंतर वाचलं, गांबियातल्या अभ्यासात गरोदर बायकांकडे दुप्पट डास आले होते. झिकाचा विषाणू पसरवणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावणारा, त्यामुळे घरून काम घेतलं. दुपारी ती आडवी झाली की मी बॅट घेऊन पायथ्याशी बसायचो. चट् आवाज झाला की झोपेतच विचारायची, "गेला?" तिचं रक्त तपासलं, काही निघालं नाही. लेक आता घरभर धावते. बॅट अजून हाताशीच असते माझ्या.

मुठाकाठ
वाचून डोळे भरले राव.

कडुनिंब
माझा रक्तगट ओ. म्हणून मला चावतात म्हणे?

प्रयोगवही
जपानमधल्या एका छोट्या अभ्यासावरून ते पसरलंय, एवढ्यावर विसंबू नका.

सायकलवाला
केशवनगरला या, रक्तगट कुणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुळा-मुठेवर डासांचे उंचच उंच भोवरे उठले होते, आठवतंय ना? आमच्या खिडकीतून दिसायचे. संध्याकाळी पाचला दारं बंद, पोरं घरात कोंडलेली. नदीत जलपर्णी वाढते, पाणी साचून राहतं, त्या घाणीत क्युलेक्स जातीचा डास वाढतो. नुसती धूरफवारणी करून काय होणार? जलपर्णी थंडीतच काढायला हवी. मी दरवर्षी अर्ज देतो, देत राहणार.

भातुकली
सायकलवाले, आमच्याकडूनही एक सही घ्या. कुकर झाला, आता कणीक मळतेय, एका हाताने लिहितेय.

ओसरी
माझा भाऊ असाच म्हणायचा, मला चावत नाहीत. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला त्याला. सहा दिवस ताप, प्लेटलेट रोज खाली. वहिनी हॉस्पिटलच्या बाकावर बसून जप करायची. मी घरी त्यांची मुलं सांभाळत होते. पाणी कुठे साचलंय म्हणून सगळीकडे शोधलं, कुंड्या, पिंप, कूलर. शेवटी फ्रिजच्या मागचा ट्रे ओढला. चार बोटं पाणी आणि त्यात अळ्या वळवळतायत. कुणी वर्षभर हात लावला नव्हता त्या ट्रेला. एडिसला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, घरातच जन्मले होते ते. पाणी ओतून नुसतं चालत नाही बरं का, ट्रे घासायचा. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. भाऊ बरा आहे आता.

कडुनिंब
बापरे. काळजी घ्या सगळे.
अवांतर: चौकोनी मच्छरदाणी हल्ली कुठे मिळते? सगळीकडे त्या घडीच्या तंबूसारख्या.

ओसरी
तुळशीबागेत विचारा. घेताना खालची झालर लांब आहे ना बघा, गादीखाली खोचता आली पाहिजे. आणि झोपताना हात जाळीला टेकू देऊ नका, बाहेरून चावतात.

मुठाकाठ
पंखाही लावा. डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही, वासही विरतो.

पारिजातक
ओसरी, तुमचं वाचलं आणि उठून फ्रिज सरकवला. ट्रेमध्ये पाणी होतं. अळ्या नव्हत्या. घासून, पुसून ठेवला. लेक टॉर्च धरून उभी होती.

कडुनिंब
मच्छरदाणी निळी घेऊ की पांढरी?

ओसरी
पांढरी घ्या. आत एखादा शिरला तर दिसतो.