टॉपॉलॉजिकल इन्सुलेटरमध्ये सुपरकंडक्टिव्हिटी शिरते कशी? शनिवारी सेमिनार आहे, मदत करा

केगावचा_भौतिकवाला
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्स दुसरं वर्ष, सोलापुरातच. सेमिनारला विषय घेतला टॉपॉलॉजिकल इन्सुलेटर सुपरकंडक्टरला चिकटवला की काय होतं त्याचा, घेताना लई भारी वाटला, आता वाचायलोय तर डोकं भणभणायलंय आणि त्यात बाहेर 42 डिग्री. बिस्मथ सेलेनाइड आतून इन्सुलेटर, करंट जातो तो फक्त पृष्ठभागावरून, इथपर्यंत ठीक. नायोबियम 9.2 केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर, म्हणजे रोध शून्य, तेही ठीक. पण खाली सुपरकंडक्टर ठेवून वर सेलेनाइडची फिल्म वाढवली तर फिल्मच्या वरच्या तोंडावर पण गॅप (सुपरकंडक्टरची खूण, एनर्जीचा असा पट्टा जिथे इलेक्ट्रॉनला जागाच नसते) दिसतो म्हणे. मधला थर इन्सुलेटर आहे तर कूपर पेअर, म्हणजे सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, वर पोचतातच कशा? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या हाच प्रश्न घेऊन उभा राहा. आणि जो तो शेवटी मायोराना मायोराना करतोय ते काय असतं?

सातरस्ता_ते_पुणे
आधी टॉपॉलॉजी बाजूला ठेव, साधा तांब्याचा तुकडा सुपरकंडक्टरला लावला तरी थोडी सुपरकंडक्टिव्हिटी त्यात उतरते, होल्म आणि माइसनरनी 1932 लाच हे बघितलं होतं. शेजारच्या न्हाणीघराची ओल आपल्या भिंतीत येते तसं, जोडाजवळ जास्त आणि लांब जाईल तशी कमी. आत काय होतं तर गॅपपेक्षा कमी एनर्जीचा इलेक्ट्रॉन एकटा सुपरकंडक्टरमध्ये घुसू शकत नाही, तो दुसऱ्या एकाला सोबत घेऊन जोडीने जातो आणि मागे एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) परत येतो. ह्याला आंद्रेएव्ह रिफ्लेक्शन म्हणतात, 1964 चं. त्या इलेक्ट्रॉन आणि होलचा ताळमेळ जिथपर्यंत टिकतो तिथपर्यंत सुपरकंडक्टिव्हिटी.

आता तुझ्या पृष्ठभागाची गंमत म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनची दिशा ठरली की स्पिनही (त्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व) ठरला. एक इकडे चाललेला, दुसरा बरोबर उलटा, दोघांचे स्पिनही उलटे. साध्या सुपरकंडक्टरला अशीच जोडी लागते, त्यामुळे ती इथे सहज बसते, पण बसल्यावर वागते मात्र वेगळ्याच जातीच्या सुपरकंडक्टरसारखी, ज्याला पी-वेव्ह म्हणतात तशी. हे फू आणि केन यांनी 2008 मध्ये मांडलं आणि तिथून सगळी धावपळ सुरू झाली.

हेलियमवाला
वरचं बरोबर आहे पण मधल्या थराचं राहिलंच की. बिस्मथ सेलेनाइड आतून इन्सुलेटर असतं ते पुस्तकात. प्रत्यक्षात सेलेनियमचे अणू जागोजागी गळालेले असतात, प्रत्येक रिकामी जागा इलेक्ट्रॉन देते, आणि फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरतात ती पातळी) थेट कंडक्शन बँडमध्ये, म्हणजे करंट नेणाऱ्या पट्ट्यात, जाऊन बसते. म्हणजे पोट चांगलं करंट नेणारं. 2012 मध्ये शांघायच्या ग्रुपनी नायोबियम डायसेलेनाइडवर, म्हणजे 7.2 केल्विनच्या सुपरकंडक्टरवर, ह्याच्या फिल्म वाढवून वर गॅप मोजला तो गाजला. पण 2020 मध्ये अँटिमनी मिसळून पोट खरंच इन्सुलेटर केलेली बिस्मथ टेल्युराइडची फिल्म नायोबियमवर ठेवून बघितली तर वरच्या तोंडावरचं पेअरिंग जवळपास गायबच झालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, पोचतात त्या पोटातून पोचतात.

केगावचा_भौतिकवाला
आयला! म्हणजे इन्सुलेटर जितका अस्सल तितकी वर सुपरकंडक्टिव्हिटी कमी?? मग फिल्म पातळ करायची ना सरळ

हेलियमवाला
पातळ करायलाही हद्द आहे. पाच अणुथरांचा एक संच साधारण 1 नॅनोमीटरचा, आणि सहा संचांच्या खाली गेलास की वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप ती पृष्ठभागाची अवस्थाच मोडते. म्हणून बरेच जण सुपरकंडक्टर वरूनच लावतात, नायोबियम नाहीतर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये थोडी फट, आणि फटीतून जोसेफसन करंट (एका सुपरकंडक्टरमधून दुसऱ्यात विनारोध जाणारा) जातो का बघायचं. तिथे पृष्ठभाग थेट जोडालाच असतो, पोटातून जायची गरजच नाही.

सातरस्ता_ते_पुणे
मायोरानाचं थोडक्यात सांगतो. फू-केन म्हणतात अशा जोडावर चुंबकीय भोवरा तयार झाला की त्याच्या मध्यात बरोबर शून्य एनर्जीची एक अवस्था बसते, ती मायोराना, आणि तिच्यातून क्वांटम कॉम्प्युटर करायची स्वप्नं. अडचण अशी की साध्या सुपरकंडक्टरच्या भोवऱ्यातही शून्याच्या अगदी जवळ अवस्था असतात, हे 1964 पासून माहीत आहे, त्यामुळे मधे पीक दिसला एवढ्यावर काही ठरत नाही. 2017 मध्ये मॅग्नेटिक टॉपॉलॉजिकल इन्सुलेटरवर नायोबियमची पट्टी टाकून अर्ध्या क्वांटमचा कंडक्टन्स मिळाला, म्हणजे मायोरानाची खूण सापडली, असा मोठा पेपर आला, 2020 मध्ये दुसऱ्या ग्रुपनी दाखवलं की पट्टीने नुसतं शॉर्ट केलं तरी तोच आकडा येतो, आणि 2022 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. स्लाइडवर हा किस्सा टाक, पुढच्या बाकावरचे सर लोक त्याच्यावरच प्रश्न विचारतात.

नवीपेठ_नाइट
मला यातलं ओ की ठो कळलं नाही पण वाचलं सगळं. शनिवारी किती वाजता आहे बे, येतो मागे बसायला