गेट, घाट आणि मे महिना: बेळगावकरांनो, तुमचे अनुभव लिहा

हिंडलगेकर:
आज सकाळी गोगटे सर्कलला अडकलो होतो. पुढच्या गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली बॅगा बांधलेल्या, मागच्या काचेतून दोन पोरं टकामका बघत होती. चोर्ला घाटानं गोव्याला निघालेत हे सरळ दिसत होतं, आणि एकदम बाबा आठवले. त्यांची मॅटाडोर होती. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी ते हमखास थांबायचे. मलप्रभेचा उगम तिथलाच, म्हणून आम्हाला वाटायचं दर्शनाला थांबले. पण नमस्कार करून आले की प्रत्येक चाकापाशी वाकून हाताची मागची बाजू रिमजवळ धरायचे, टेकवायचे नाहीत. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं की म्हणायचे, "ब्रेकचा लायनर धरतोय." मग ते निवेपर्यंत घाट उतरायचा नाही. आई कितीही वैतागली तरी नाही.

आता मे महिन्यात सगळेच निघणार. रोजच्या गर्दीत कसं निभावता आणि लांब निघताना काय बघून घेता, लिहा. नवीन गाडी घेतलेल्या पोरांना उपयोग होईल.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
बाबांना नमस्कार. बेअरिंग तापलंय का हे आमचे जुने फोरमन असंच बघायचे.
रोजचं म्हणाल तर शिफ्ट सुटली की खानापूर रोडवर एकदम लोट येतो. ट्रक, टमटम, बायका चालत, सगळं एकत्र. मी लगेच बाहेर पडतच नाही. कॅन्टीनला चहा घेतो, गर्दी ओसरली की निघतो. घरी पोचायला फार फरक पडत नाही, डोकं मात्र शांत राहतं.

अनगोळची सून:
दुसऱ्या रेल्वे गेटबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?? गेट पडलं की दोन्ही बाजूंनी गाड्या अख्खा रस्ता अडवून उभ्या. गेट उघडलं की समोरासमोर. कुणी मागं घ्यायला तयार नाही. आणि पोराला पुढं उभं करून दांड्याखालून स्कूटर वाकवून नेणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो. आई असून कसं करवतं?
लहान पोरांच्या हेल्मेटचा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळाला हेल्मेट आणि बेल्ट, गाडी 40 च्या वर नाही. माझ्या लेकाला त्याच्या आवडीच्या रंगाचं घेतलं, आता तोच आठवण करतो.

निपाणीकर:
कोल्हापूर बाजूला जाणाऱ्यांनी तवंदी घाट हलक्यात घेऊ नये. रस्ता रुंद आहे म्हणूनच लोक सुटतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे आजही आहेत. गाडीचं सगळं वजन मग एकट्या ब्रेकवर येतं, तापून ब्रेक पकड सोडतात, पायडल नुसतं खाली जातं. ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, इंजिन गाडी धरून ठेवतं. जळका वास आला तर बाजूला घ्या. चाकावर पाणी ओतू नका.
आणि अपघात दिसला तर थांबा हो. 2019 च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. 112 लावा, हायवेवर असाल तर 1033.

हिंडलगेकर:
@निपाणीकर शंभर टक्के. हे शेवटचं तर सगळ्यांना पाठवतो.

खानापूरची लेक:
वळीव!! एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जांबोटी बाजूला आभाळ भरून येतं. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, टायर सरळ घसरतात. जोरात पाऊस झाला तर उलट बरं, धुऊन जातं. थेंब पडायला लागले की वेग कमी करा आणि झाडाखाली गाडी लावू नका, फांद्या पडतात.
घाटात रेंज जाते, तेव्हा घरी आधीच सांगून निघा. जाता जाता करवंदं घ्या, पानाच्या द्रोणात मिळतात.

शहापूरकर:
करवंदं म्हटल्यावर धागा संपला 😄 जांभळं आली का गं ताई?

खानापूरची लेक:
@शहापूरकर थोडी थोडी. वळीव झाला की बघा.

उचगाव फाटा:
आंबोलीला जाणाऱ्यांसाठी. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. परवा शिनोळीच्या पुढं एका अरुंद जागी सगळे उतरणारे घुसले आणि बिचारा जळणाचा ट्रक मधेच लटकला. फार राग आला. दोन मिनिटं थांबलं तर काय जातं?
उन्हाळ्यात धबधबा नसतो, पण साधारण 690 मीटर उंचीवर हवा गार. तेवढ्यासाठी जावं.

घटप्रभाकाठी:
गोकाकला पण मेमध्ये पाणी बघायला येऊ नका, नुसता कातळ दिसतो. 52 मीटरवरून पडणारं पाणी बघायचं तर जुलै-ऑगस्ट. पाहुणे ऐकतच नाहीत, लग्नाला आले की धबधबा दाखवा म्हणतात.

वडगावची मावशी:
माझ्या नातीला घाटात उलटी होते, उपाय सांगा. आलेपाक देऊन झाला.

अनगोळची सून:
मावशी, तिला मोबाईल बघू देऊ नका. मधे बसवा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. पोट तुडुंब नको आणि अगदी रिकामंही नको. इडली एखादी.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
टायरचं राहिलं. कडेला चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर उन्हात फुटतं. हवा सकाळी टायर गार असताना भरा. तापल्यावर जास्त दाखवते म्हणून काढू नका.

शहापूरकर:
आत्ता खाली जाऊन बघितलं. चार बरे आहेत, स्टेपनी 2014 ची निघाली!

उद्यमबाग सेकंड शिफ्ट:
@शहापूरकर बदला आधी. रविवारी या इकडं, माझ्या ओळखीचा आहे.

वडगावची मावशी:
इडली सांगितली ते बरं केलंस गं. पीठ आजच भिजवते.